परीटघडी

माणूस प्रवासात कोठे उतरतो ह्यावरून त्याची पायरी ठरते, असे व्यवहारी लोक म्हणतात. हे खरे असेल तर आमची पायरी आजवर धर्मशाळा आणि विश्रांतिगृह यांच्या दरम्यान कोठे तरी होती. परिषदेला गेलो तर विद्यापीठाचे अतिथिगृह, यात्रेला गेलो तर भक्तनिवास, आणि लग्नाला गेलो तर मंगल कार्यालयातील वरचा दिवाणखाना, ही आमची ठरलेली उतरण्याची ठिकाणे. तिन्ही ठिकाणी उशी आपल्या आधी कोणाची होती हे विचारावयाचे नसते, आणि स्वतःची चादर घरून न्यावयाची असते, एवढे शास्त्र आम्हांस अवगत होते व ते पुरेसे होते.

त्यात गेल्या हिवाळ्यात विघ्न आले. आमच्या विवाहास तीस वर्षे पूर्ण झाली म्हणून आमच्या कन्येने, जी सिंगापुरास नोकरीला असते, आम्हां उभयतांस व्हिएतनामची राजधानी हनोई येथील मेट्रोपोल नामक जुन्या व उंची हॉटेलात तीन रात्रींचा मुक्काम भेट म्हणून दिला. (ह्या लेखातील ‘आम्ही’ हे लेखकाचे एकवचन आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. सौभाग्यवतींना त्यात गोवणे इष्ट नाही. त्यांचे मत बहुतेक प्रसंगी निराळे असते.) भाडे किती हे कन्येने सांगितले नाही. परंतु हिशेबाची खोड जात नसते. आम्ही आडून आडून शोध केला, तेव्हा एका रात्रीचा आकडा हा आमच्या पहिल्या अध्यापकीच्या सुमारे सहा महिन्यांच्या वेतनाएवढा निघाला. तीन रात्री म्हणजे दीड वर्षाची नोकरी! आम्ही हे त्रैराशिक सौभाग्यवतींस सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, लेकीने हौसेने दिले आहे. आता निदान तिथे जाऊन तरी दर तासाचा भाव काढत बसू नका.”

हॉटेल शहराच्या अगदी मध्यावर आहे. होआन कीम सरोवर चार पावलांवर आणि फ्रेंचांनी बांधलेले नाट्यगृह दोन वळणांवर. इमारत शुभ्र पांढरी, खिडक्यांना हिरवी झडपे, आणि दाराशी जुन्या काळची एक काळी सित्रोएन मोटार शोभेला उभी. आम्ही टॅक्सीतून उतरतो तोच गणवेशातील एक तरुण धावत आला व त्याने आमच्या बॅगेस हात घातला. ह्या बॅगेचे एक चाक तीन वर्षांपूर्वी निखळले असून तिचे पोट सुतळीने आवळलेले असते. ती परक्याच्या हाती जावी हे आम्हांस रुचेना. आम्ही ती धरून ठेवली. त्यानेही विनयाने पण निश्चयाने धरून ठेवली. क्षणभर त्या संगमरवरी पायऱ्यांवर दोन राष्ट्रांमध्ये ओढाताण चालली. शेवटी सौभाग्यवतींनी आमच्या कोपराला हळूच स्पर्श केला आणि आम्ही शस्त्र खाली ठेवले. ह्या देशापुढे याहून बलाढ्य लोकांनीही ते ठेवलेले आहे, हा विचार त्या वेळी समाधानकारक वाटला.

हॉटेलचा इतिहास थोडक्यात असा. 1901 साली दोन फ्रेंच गृहस्थांनी ते उघडले. पुढच्याच वर्षी हनोई ही फ्रेंच इंडोचायनाची राजधानी झाली. पॅरिसहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना व मळेवाल्यांना आपण घरापासून फार दूर आलो नाही असे वाटावे, हा त्याचा उद्देश. 1936 साली चार्ली चॅप्लिन आपल्या नववधूसह, पॉलेट गोडार्डसह, येथे राहून गेला. 1954 साली फ्रेंच पराभूत होऊन निघून गेले, तेव्हा सरकारने हॉटेल ताब्यात घेतले व त्याचे नाव ‘थोंग न्हात’, म्हणजे ‘एकीकरण’, असे ठेवले. देशाचे नुकतेच दोन तुकडे झाले असता हॉटेलला असे नाव देणाऱ्यांच्या मनात काय असेल हे सांगावयास नको. पुढे 1992 साली डागडुजी होऊन जुने फ्रेंच नाव पुन्हा पाटीवर आले. आणि 2019 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प व उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांची बोलणी येथेच झाली व येथेच फिसकटली. मेजवानीचे टेबल मांडलेले तसेच राहिले आणि दोघेही न जेवता गेले. वाढलेल्या पानावरून उठू नये हा आमच्याकडील साधा संस्कार राष्ट्रप्रमुखांना कोणी शिकवीत नसावे.

ही सारी माहिती हॉटेलचे लोक अभिमानाने सांगतात. चॅप्लिन, सॉमरसेट मॉम आणि ग्रॅहम ग्रीन यांची नावे तेथील मोठ्या दालनांना दिलेली आहेत. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. सबब ग्रीनच्या नावाच्या दारापुढून जाताना आम्ही प्रत्येक वेळी थोडे हळू चालत असू. आमची खोली अर्थात निनावी होती.

पण पाहुण्यांवाचून दुसऱ्या एका माणसाचेही नाव ह्या हॉटेलाशी जोडलेले आहे, आणि ते आम्हांस भिंतीवर नव्हे तर कपात भेटले. हनोईत अंड्याची कॉफी म्हणून एक पेय मिळते. नाव ऐकून सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. म्हणून आम्ही एकट्यानेच ते प्यालो. कडक काळ्या कॉफीवर अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेसून घातलेला असतो, आणि चव एखाद्या शाही पक्वान्नासारखी लागते. ही कॉफी न्ग्विएन वान गियांग नावाच्या माणसाने 1946 च्या सुमारास काढली. तो ह्याच मेट्रोपोलमध्ये पेये तयार करून देण्याच्या कामावर होता. लढाईच्या दिवसांत शहरात दूध मिळेनासे झाले, तेव्हा त्याने दुधाच्या जागी अंडे घातले. पुढे त्याने स्वतःचे छोटे दुकान काढले. ते त्याच्या मुलांनी चालविले आणि जुन्या वस्तीतील एका बोळात ते आजही आहे. तेथे बसावयास गुडघ्याएवढी ठेंगणी स्टुले असून गर्दी मात्र अशी की कप हातात धरूनच वाट पाहावी. दालनांना नावे दिलेली माणसे आली तशी गेली; हनोईच्या रोजच्या तोंडी नाव राहिले ते गियांगचे.

पहिल्या रात्री आम्हांस झोप आली नाही. शय्या इतकी मऊ होती की पाठीला कोठे टेकावे ते कळेना. सौभाग्यवती केव्हाच झोपल्या होत्या. आम्ही उठून बसलो आणि नकळत चादरीची कड हातात घेतली. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू कापडावरून फिरविली. मग गादीच्या कोपऱ्याशी वाकून तेथील घडी पाहिली. ती काटेकोर होती; कोठे चूण नाही, कोठे ओलसरपणाची पिवळी छटा नाही. “झकास जमली आहे,” असे शब्द आमच्या तोंडून निघाले, आणि मग आमच्या ध्यानी आले की हे वाक्य आमचे नव्हे, हाताची ती तऱ्हाही आमची नव्हे. दोन्ही आमच्या वडिलांची होती.

आमचे वडील मुंबईतील एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षे नोकरीला होते. हॉटेलचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांचे काम तळघरात. धुतलेल्या ओल्या चादरी वाफेने तापलेल्या लोखंडी रुळांतून घालावयाच्या; दोघांनी कोपरे ताणून त्या आत सोडावयाच्या, पलीकडे दोघांनी झेलून घडी करावयाची. दिवसाकाठी शेकडो चादरी. त्यायोगे त्यांच्या बोटांच्या शेवटच्या पेरांना ऊनपाणी कळेनासे झाले होते. चुलीवरचे पातेले ते फडक्याशिवाय उतरीत आणि आई ओरडे. आम्ही लहान असताना परळहून त्यांचा डबा घेऊन जात असू. समुद्राकडील पुढच्या दाराने नव्हे. मागच्या गल्लीत एक लोखंडी फाटक होते, तेथे. नोकर बाहेर पडताना त्यांची झडती तेथेच होत असे. एकतीस वर्षांत वडील त्या हॉटेलच्या पुढच्या दाराने कधी आत गेले नाहीत, आणि त्यांनी इस्त्री केलेल्या एकाही चादरीवर ते कधी निजले नाहीत.

विरलेल्या चादरी मात्र नोकरांना स्वस्तात मिळत. आई त्यांच्या उशांच्या खोळी करी, आमच्या दप्तराला अस्तर लावी. कडेला लाल दोऱ्याने हॉटेलचे नाव विणलेले असे. ते ती कातरून काढी. एकदा अर्धे नाव अस्तरात राहून गेले व ते वर्गातील एका मुलाने वाचले. त्या दिवशी घरी येऊन आम्ही ते ब्लेडने खरवडून काढले. दप्तराला भोक पडले. आईने कारण विचारले नाही.

येथपर्यंत सांगण्यासारखे आहे. मुलाच्या वयाला ते शोभते. पुढचे शोभत नाही, पण त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. आम्हांस डॉक्टरेट मिळाली तेव्हा महाविद्यालयात एक लहानसा सत्कार झाला. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. ते मुंबईहून मुद्दाम आले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, दोन्हीवर त्यांच्या हातची परीटघडी. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना आदराने विचारले, “आपण कोठे होता नोकरीला?” वडिलांनी उत्तरासाठी तोंड उघडले, तोच आम्ही मध्ये पडून म्हणालो, “एका कंपनीत होते. स्टोअर्सकडे.” वडिलांनी आमच्याकडे पाहिले. ते रागाचे पाहणे नव्हते. रुळात वाकडी गेलेली चादर झटक्यासरशी सरळ करावी तसे त्यांनी लगेच आमचे वाक्य सावरून घेतले. “हो,” ते म्हणाले, “स्टोअर्समध्येच होतो.” आणि बशीतील बिस्कीट अर्धे मोडून खाल्ले.

त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. ह्या गोष्टीचा उच्चार त्यांनी केला नाही, आम्हीही केला नाही. पुढे आमची कन्या विचारू लागली तेव्हा तिलाही आम्ही ‘आजोबा कंपनीत होते’ असेच सांगितले. खोटे एकदा नीट घडी करून ठेवले म्हणजे ते मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलचे तळघर पाहावयास गेलो. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकन विमानांच्या भीतीने अंगणाखाली पाहुण्यांसाठी एक आसरा खोदलेला होता. युद्ध संपल्यावर तो बुजला आणि विसरला गेला. 2011 साली पोहण्याच्या तलावाजवळील मद्यगृहाची दुरुस्ती चालू असता कामगारांना खाली जाड काँक्रीट लागले. फोडून पाहतात तो आत पाणी भरलेल्या लहान लहान खोल्या. आता पाणी काढून तो पाहुण्यांस दाखवितात. अरुंद जिना, ठेंगणे छत, घामेजलेल्या भिंती. एका भिंतीवर 1975 साली ऑस्ट्रेलियन वकिलातीतील एका गृहस्थाने कोरलेले स्वतःचे नाव आहे. नाव कोरण्याचा रोग केवळ आमच्या गडकिल्ल्यांपुरता नाही हे पाहून बरे वाटले.

1972 च्या डिसेंबरात, नाताळाच्या सुमारास, ह्या शहरावर अनेक दिवस बॉम्बवर्षाव झाला. त्या वेळी जोन बेझ ही अमेरिकन गायिका ह्याच हॉटेलात होती, आणि तिच्याच देशाच्या विमानांपासून जीव वाचविण्यासाठी तिला ह्याच तळघरात उतरावे लागे. पुढे 2013 साली ती पुन्हा आली तेव्हा ती ह्या खोल्यांत येऊन गेली. शहरातील सामान्य माणसांना असले तळघर नव्हते. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने काँक्रीटचे नळ जमिनीत उभे पुरलेले असत. एका नळात एक माणूस, वर झाकण. आणि खाम थिएन नावाच्या रस्त्यावर 26 डिसेंबरच्या रात्री जे घडले त्यात नळही कामास आले नाहीत. अडीचशेहून अधिक माणसे त्या एका रस्त्यात गेली.

माहिती सांगणारी मुलगी आमच्या कन्येच्याच वयाची होती. तिचे पाठ केलेले भाषण संपल्यावर आम्ही विचारले, “भोंगा वाजला म्हणजे पाहुणे येथे येत. मग खोल्या झाडणारे, भांडी घासणारे, चादरी धुणारे कोठे जात?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मोकळेपणाने म्हणाली, “हे मला आजवर कोणी विचारले नाही.” तिचा दोष नव्हता. आमच्या लहानपणी त्या लोखंडी फाटकाशी उभे असताना आम्हांसही आत काय चालते हे विचारावे असे कधी वाटले नव्हते. आम्ही डबा देत असू आणि परत येत असू.

तिसऱ्या दिवशी हो चि मिन्ह यांच्या समाधीस गेलो. निघण्यापूर्वी पुण्यातील दोन स्नेह्यांनी आमच्यावर एक कामगिरी सोपविली होती. ‘शिवाजी महाराजांचा एक नम्र मावळा येथे चिरनिद्रा घेत आहे’ असे व्हिएतनामच्या एका नेत्याने आपल्या समाधीवर कोरून घेतले आहे, ही गोष्ट आमच्याकडे भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली आहे. तिचे छायाचित्र हवे होते. त्या प्रचंड करड्या इमारतीवर फक्त ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढीच अक्षरे आहेत. स्नेह्यांना तसे कळविले तेव्हा ते खट्टू झाले. महाराजांच्या मोठेपणाला परदेशच्या दाखल्याची गरज नाही, असे आम्ही त्यांना लिहिले खरे. पण पत्र पाठविताना मनात आले की बापाच्या मोठेपणासाठी खोटा दाखला लिहून देणाऱ्या माणसाने हा उपदेश जपूनच करावा.

कारण खुद्द हो चि मिन्ह यांची हकीकत त्या दोन दिवसांत आमच्या डोक्यात फिरत होती. 1911 साली सायगाव बंदरातून हा माणूस एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातील हरकाम्या म्हणून निघाला. पुढे लंडनमध्ये तो कार्लटन हॉटेलात कामाला होता. ते हॉटेल आता नाही, पण त्या जागी उभ्या असलेल्या इमारतीवर ‘हो चि मिन्ह यांनी 1913 साली येथील हॉटेलात काम केले’ अशी पाटी लावलेली आहे. राष्ट्राच्या जनकाने हॉटेलच्या मागील दाराने ये-जा केली, हे त्याच्या अनुयायांनी लपविले नाही. उलट दगडावर लिहिले. आमचे वडील राष्ट्राचे जनक नव्हते. ते फक्त आमचे जनक होते. पण लपविण्याचे कारण तेवढ्यानेही उत्पन्न होत नव्हते.

शेवटच्या सकाळी आम्ही लवकर उठून शय्या स्वतः आवरली. कोपरे दुमडले, कड ओढून सरळ केली. सौभाग्यवती पाहत होत्या. त्यांना वडिलांची नोकरी पहिल्यापासून माहीत होती, आणि सत्काराच्या दिवशी त्या आमच्या शेजारीच उभ्या होत्या. पण तीस वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, “मामंजींची घडी याहून बारीक असे.” ते खरे होते. आम्ही ती मोडून पुन्हा केली. तेवढ्यात चादरी बदलणारी बाई गाडा ढकलीत दारात आली आणि आवरलेली शय्या पाहून बुचकळ्यात पडली. बहुधा आम्ही रात्रभर उभेच राहिलो असे तिला वाटले असावे. भाषा येत नसल्याने आम्ही नुसती हाताची मागची बाजू चादरीवरून फिरवून दाखविली व मान डोलाविली. ती हसली, आणि तिनेही तशीच हाताची मागची बाजू फिरविली. ह्या कामाची खूण सगळीकडे एकच असावी.

त्या संध्याकाळी विमानतळावरून कन्येला दूरध्वनी केला. आभार मानून झाल्यावर आम्ही तिला तिच्या आजोबांची नोकरी सांगितली. फाटक, झडती, रूळ, दप्तराचे अस्तर, आणि शेवटी सत्काराचा दिवस. सांगताना आवाज थोडा बसला, त्याचा दोष आम्ही विमानतळावरील वातानुकूलनास दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही वाट पाहत राहिलो. मग ती म्हणाली, “बाबा, हे मला आधी सांगायला हवे होते तुम्ही.” आणि थोडे थांबून, “मग आजोबांना पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग काढता येत असेल ना? माझा एक सदरा मी टाकून द्यायला काढला आहे.”

येत होता. आणि ते आम्हांसही ठाऊक होते. तीस वर्षे कोणी विचारले नव्हते इतकेच. आम्ही तिला सांगितले की साबण लावला की हळद लाल होते आणि नवख्या माणसाला वाटते की आता कपडा गेला. तेथे घाबरू नये. चोळीत बसू नये. कपडा तसाच उचलून उघड्या उन्हात टाकावा. तिन्हीसांजेपर्यंत डाग फिका पडतो, आणि दोनतीन उन्हे मिळाली की निघून जातो.